विभावरीची बंदूक रोज वेगळीकडे मारते

"मला भिंती हव्यात," प्रकाश म्हणाला. "चार भिंती आणि एक दार. बाकी काही मागत नाही मी."

विभावरीने मिक्सर बंद केला. प्रकाशच्या मीटिंगमध्ये नुकतीच दाण्याच्या कुटाची एन्ट्री झाली होती आणि जर्मनीतल्या कुणीतरी 'इज एव्हरीथिंग ओके देअर?' असं काळजीने विचारलं होतं. मार्चपासून प्रकाशचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर होतं. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला दहावीच्या वयाच्या लेकीचा, केतकीचा, पसरलेला अभ्यास आणि मध्ये लोणच्याची बरणी. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या औषधांच्या कारखान्यात काही बिघडलं की का बिघडलं हे शोधून काढणं, ही प्रकाशची नोकरी. तिथे त्याला सगळे मान देत. घरी त्याला लोणच्याची बरणी सरकवायला सांगत.

"भिंती आहेत की," विभावरी म्हणाली. "हॉट प्रेसमध्ये बस."

"तिथे आईचे देव आहेत."

हे खरं होतं. प्रकाशच्या आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून साताऱ्याकडून इकडे, कॉर्कच्या डग्लस उपनगरात आल्या आणि विमानंच बंद झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरभर फिरून देवांसाठी जागा शोधली. जिन्यावरच्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते, टॉवेल वाळतात; त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आईंनी दार उघडलं, ऊब अंगावर घेतली आणि निकाल दिला, "हितंच. देवास्नी गारठा सोसायचा न्हाई." तेव्हापासून टॉवेल खालच्या फळीवर आणि कुलदैवत वरच्या.

"मी शेडबद्दल बोलतोय," प्रकाश म्हणाला. "मागची शेड. इन्सुलेशन टाकू, एक हीटर. सगळे करतायत."

विभावरीने मिक्सरचं भांडं खाली ठेवलं. शेड तिची होती. म्हणजे घर दोघांचं, बाग दोघांची, गवत कापायचं यंत्र प्रकाशचं. पण शेड तिची. लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात यूट्यूबवर बघून बघून ती सुतारकाम शिकली होती. आधी चपलांचा स्टँड केला, तो डगमगला. मग पक्ष्यांचं घर केलं, त्यात पक्षी काही आले नाहीत पण शेजारच्या नोरीनने ते कौतुकाने मागून नेलं. त्या आठ बाय सहाच्या लाकडी खोलीत भुशाचा वास होता, तिचा रंधा होता, आणि आतून लावायची कडी होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईला आतून लावायची कडी मिळाली की ती सहजासहजी सोडत नाही.

"शेडमध्ये माझं काम चालू आहे."

"काम? विभा, तू रबरबँडची बंदूक करतेयस!"

"रायफल," विभावरी म्हणाली.

त्याचं असं झालं होतं. हॅलोवीनला दारोदार फिरायला त्या वर्षी बंदी आली. वसाहतीतली पोरं हिरमुसली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्याने त्याने आपापल्या अंगणापुरती कल्पना मांडली. विभावरीने लिहिलं, "आमच्या खिडकीत दह्याचे छोटे डबे ठेवू. मुलांनी फाटकाबाहेरून डबा सांगायचा, मी लाकडी रायफलने तो पाडायचा. पडला की त्यातला खाऊ पाइपातून घरंगळत बाहेर." मुलांचा हात कशाला लागायला नको, दोन मीटरचं अंतर शाबूत. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. प्रकाशला मात्र घाम फुटला. "रायफल हा शब्द ग्रुपवर नको! गार्डा स्टेशनातून पोलीस आले तर? 'लाकडी उपकरण' लिही." नोरीनने खाली लिहिलं, "प्रकाश, लव्ह, इट्स अ रबर बँड."

आणि रायफल खरोखर देखणी झाली होती. जुन्या पलंगाच्या फळीतून कोरलेला दस्ता, कपड्याच्या चिमट्याचा घोडा, सायकलच्या ट्यूबमधून कापलेले जाड रबरबँड. नेम धरायला पुढच्या टोकाला एक पितळी स्क्रू उभा, त्याला बंदुकीची माशी म्हणतात. आणि डोळ्याजवळ पत्र्याच्या पट्टीत घासलेली खाच. खाचेतून बघायचं, माशीचं टोक खाचेच्या मधोमध आणायचं, ते टोक डब्यावर टेकवायचं, चिमटा दाबायचा. विभावरी हे कॉलेजात नाशिकला एनसीसीत शिकली होती. लग्नानंतर तिने हे प्रकाशला बरेचदा सांगितलं होतं आणि प्रकाशने ते 'आमच्या आत्याला भूत दिसलं होतं' अशा गोष्टींच्या कप्प्यात ठेवून दिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मागच्या भिंतीवर डबे मांडले आणि ओळीने सगळे पाडले. प्रकाश खिडकीतून बघत होता. त्याला ते आवडलं, पण शेड जास्त आवडत होती.

"आज पडले," तो म्हणाला. "उद्या पडतील याची गॅरंटी काय? एकदा चालणं आणि रोज चालणं यात फरक असतो, मॅडम. आमच्याकडे त्यालाच व्हॅलिडेशन म्हणतात."

"मग लाव पैज. हॅलोवीनच्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर. पाच डबे, पाच रबर. पाचही पडले तर शेडचं नाव काढायचं नाही."

"आणि एक जरी राहिला तर रविवारी माझं टेबल आत." प्रकाशने क्षणभर विचार केला आणि नोकरीला स्मरून एक कलम जोडलं. "टेस्ट सुरू झाली की बंदुकीला हात लावायचा नाही. पुसायचं नाही, पिळायचं नाही, अ‍ॅडजस्टमेंट नाही."

"मान्य."

"मम, यू आर सो गोइंग टू लूज द शेड," केतकी वहीतून मान वर न काढता म्हणाली.

रविवारी दसरा होता. आईंनी सकाळीच हुकूम काढला, "हत्यारं काढा समदी." घरात हत्यार म्हणावं असं होतं तरी काय? पण आईंचे यजमान फौजेत हवालदार होते, आणि दसऱ्याला शस्त्रपूजन चुकलं असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मग ड्रिल आला, करवत आली, व्हॅक्युम क्लीनर आला, प्रिंटर आला. प्रकाशचा लॅपटॉप आला आणि त्याच्या झाकणावर स्वस्तिक उमटलं. गाडीच्या नाकाला कुंकू लागलं. आणि सगळ्यात शेवटी, पाटावर लाल कापड अंथरून, विभावरीची रायफल.

आईंनी ती दोन्ही हातांनी उचलली. खालीवर करून तोलून पाहिली.

"लई हलकी हाय," मग म्हणाल्या. "पर बंदूक ती बंदूक. हिला शेडात न्हाई ठिवायची. देवाजवळ ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून रायफलचा मुक्काम हॉट प्रेसमध्ये, कुलदैवतासमोर.

दसऱ्याच्या दुपारी विभावरीने सराव सुरू केला आणि पहिला रबर डब्याच्या खाली भिंतीवर आपटला. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. दोन-तीन बोटं खाली, सगळे एका जागी. तिने शांतपणे खाचेच्या पट्टीखाली वॉशर घातला. मागची खाच वर केली की मारा वर जातो, हे तिला पाठ होतं. पुन्हा डबे पडायला लागले. "हवेने लाकूड फुगलं असेल," ती स्वतःला म्हणाली आणि रायफल देवाजवळ ठेवून आली.

सोमवारी बँक हॉलिडे. प्रकाश चहा घेऊन बघायला उभा. विभावरीने नेम धरला, चिमटा दाबला, आणि रबर डब्यावरून, भिंतीवरून, सरळ पलीकडे गेला.

पलीकडून "जीझस!" असा आवाज आला. मग भिंतीवर नोरीनचं पांढरं डोकं उगवलं. तिच्या हातातल्या चहाच्या कपात रबर तरंगत होता.

"विभा, लव्ह, हा तुझा का गं?"

"सॉरी, नोरीन! अगदी सॉरी!"

"अगं ग्रँड आहे, काही बिघडलं नाही. साखर नव्हतीच घातलेली." नोरीनने रबर चमच्याने काढून भिंतीवर ठेवला. "पण शनिवारी मी खुर्ची जरा लांबच टाकीन हं."

विभावरीने वॉशर काढला. मारा ठीक झाला. मंगळवारी तो पुन्हा खाली गेला, आणि आता थोडा डावीकडेही. तिने वॉशर घातला, पट्टी उजवीकडे सरकवली. बुधवारी तो वर आणि उजवीकडे. एकदा दुरुस्त केली की संध्याकाळपर्यंत रायफल सुतासारखी सरळ मारायची. सकाळी पाहावं तर बाईसाहेबांची मर्जी फिरलेली. घरात अशी एक सासू पुरेशी असते, असं विभावरीच्या मनात आलं आणि तिने जीभ चावली. कारण आई बिचाऱ्या त्या आठवड्यात कधी नव्हे इतक्या आनंदात होत्या. मार्चपासून 'मला इमानात बसवा' एवढंच पालुपद असलेल्या आई आता पहाटे उठून न्हाऊन, नऊवारी चोपून नेसून, पूजेला बसत होत्या.

बुधवारी संध्याकाळी प्रकाशने प्रकरण हातात घेतलं. त्याला राहवलंच नाही. बिघाड दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची. फ्रिजवर त्याने माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली. एका काट्यावर माणूस, एकावर यंत्र, एकावर माल, एकावर पद्धत.

"माल बघू. रबर बदलले?"

"एकाच ट्यूबचे आहेत."

"यंत्र. स्क्रू ढिला?"

"घट्ट आहे. तूच पिळून बघितलास ना मघाशी? आणि पिळताना माशी डावीकडे वाकवलीस. सरळ करावी लागली मला."

"मारा डावीकडे जायला हवा होता, म्हणून वाकवली."

"माशी डावीकडे केली की मारा उजवीकडे जातो, प्रकाश. खाच जाईल तिकडे मारा जातो, माशी त्याच्या उलट."

प्रकाशने हवेत बोटं धरून एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि विषय बदलला. "पद्धत. तू तीच. जागा तीच. वेळ तीच." त्याने मार्करने तीन काटे खोडले. उरलेल्या काट्याकडे बघत तो सौम्यपणे, औषधाचा कडू डोस देताना बोलावं तसा बोलला, "मग एकच उरतं, विभा. ऑपरेटर."

"म्हणजे मी."

"डोळे तपासून घे. चाळिशी सगळ्यांनाच लागते. पेपर वाचताना तू हात किती लांब धरतेस बघ."

विभावरी सिंककडे वळली. भांडी जरा जोरात वाजली, एवढंच. तिला वाईट वाटलं ते शेड जाण्याचं नाही. म्हणजे तेही होतंच. पण मनाच्या कोपऱ्यात एक बारीक शंका उठली, की खरंच डोळेच असतील तर? एनसीसीतली ती विभावरी, जिच्या पाठीवर सुभेदारमेजरने थाप मारली होती, ती खरंच होऊन गेली का, की तीही आत्याच्या भुतासारखीच?

गुरुवारी तिने डोळ्यांचा निकाल लावला. रायफल शेडच्या कट्ट्यावर क्लॅम्पनी आवळून बसवली, नेम धरला आणि मग बंदुकीला हात न लावता नुसता घोड्याचा चिमटा दाबला. एका जागी, एका जागी, एका जागी; हाताने मारलेलाही तिथेच. डोळे ठणठणीत होते. बंदूकही ठणठणीत होती. दिवसा काहीच बदलत नव्हतं. जे काय व्हायचं ते संध्याकाळी ती ठेवल्यापासून सकाळी उचलेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी ती टॉवेल घ्यायला जिन्यावर आली. हॉट प्रेसचं दार उघडं होतं आणि आई स्टुलावर बसून, आत अर्ध्या वाकून पूजा करत होत्या. मांडीवर रायफल. आईंनी अंगठ्याच्या नखाने माशीच्या टोकावरची कालची वाळकी खपली खरवडली, ओल्या हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकवाचं, आणि त्यावर निगुतीने अक्षता चिकटवल्या. टाकीच्या उबेला ते सगळं घटकाभरात विटेसारखं वाळणार होतं.

विभावरी टॉवेल छातीशी धरून तशीच उभी राहिली.

कुंकू तिला रोज दिसत होतं. कसं नाही दिसणार? पण दसऱ्यापासून त्या घरात कुंकू नाही अशी वस्तूच नव्हती. प्रिंटरला होतं, मिक्सरला होतं, केतकीच्या कॅल्क्युलेटरलाही होतं. ज्या घरात सगळंच लाल, तिथे बंदुकीच्या माशीचं टोक लाल आहे याकडे कोण बघतो? उलट लाल असल्याने बरं दिसतं, असंच तिला वाटलं होतं. पण माशी उंच झाली की तिचं टोक खाचेत बसवायला नळी खाली झुकवावी लागते, आणि मारा खाली जातो. कुंकू जाड लागलं तर जास्त खाली, डाव्या अंगाला थापलं तर बाजूला. ती रोज कुंकवाचा हिशेब वॉशरने चुकता करत होती आणि दुसऱ्या दिवशी कुंकू बदलत होतं!

"आई," ती म्हणाली. "तुम्ही रोज तिथेच लावता? टोकाला?"

"मंग? कपाळ न्हवं का त्ये बंदुकीचं." आईंनी मान वर केली. डोळे ओलसर होते. "हवालदारांची बंदूक ते गेल्यावर पोलिसात जमा केली बघ. तवापासनं दसऱ्याला हात मोकळंच ऱ्हायलं. यंदा तू बंदूक केलीस. म्हनलं, त्यांस्नी सांगावं, पूजा चुकली न्हाई." मग पदराने डोळे टिपून त्या हसल्या. "आन खरं सांगू का विभा, ह्या घरात मला काम न्हाई. कपडं मशीन धुती, भांडी मशीन घासती. ही एक बंदूक तेवढी माझी वाट बघती."

विभावरीच्या जिभेवर आलेलं सगळं वाक्य परत गेलं.

"छान लावलंय," ती म्हणाली. "टॉवेल घ्यायला आले होते."

शेडमध्ये जाऊन तिने कडी लावली आणि विचार केला. पुसून टाकणं सोपं होतं. ओल्या फडक्याने एकदा पुसलं, की शेड तिची. पण फडकं हातात घेऊन ती बसली, तर हात पुढे होईना. बाईने आपल्या माणसाच्या नावाने लावलेलं कुंकू कोण पुसणार? स्क्रूच बदलावा, तर आईंची पहिली नजर तिथे जाणार. राहता राहिला एकच मार्ग. कुंकू जाणार नसेल, तर आपला नेम कुंकवाच्या मापाने धरायचा.

तिने खाच पहिल्या शुक्रवारी होती तिथे पक्की बसवली. तस्साच एक पितळी स्क्रू शोधून कुंकवाच्या स्क्रूच्या जागी तात्पुरता लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर कणीक मळली, आणि डब्यांतून एकेक दाणा काढून त्याच्या मापाच्या गोळ्या वळल्या. मसुरीएवढी गोळी माशीवर टेकवली, मारा दोन बोटं खाली. तुरीएवढी, तीन बोटं. हरभऱ्याएवढी, पाच बोटं. दुपार टळेपर्यंत ती गोळ्या लावत होती, मारत होती, भिंतीवर बोटं ठेवून मोजत होती. नोरीनने भिंतीवरून डोकावून विचारलं, "बंदुकीला जेवू घालतेस का गं?"

"डाएटवर ठेवलीय," विभावरी म्हणाली.

जगातल्या कुठल्याही फौजेकडे नसेल असं कोष्टक आता तिच्या डोक्यात होतं. मसूर दोन, तूर तीन, हरभरा पाच. संध्याकाळी तिने कुंकवाचा स्क्रू परत लावला आणि रायफल देवाजवळ ठेवली. प्रकाशने विचारलं, "सापडलं का काही?" ती म्हणाली, "हो. ऑपरेटर." प्रकाश चक्रावला, पण त्याने हीटरच्या किमती बघणं थांबवलं नाही.

शनिवारी कॉर्कच्या मानाने हवेने उपकार केले. पाऊस होता, पण झोडपणारा नव्हता. केतकीने पुढच्या खिडकीवर काळ्या कागदाची वटवाघळं चिकटवली होती, खालच्या कठड्यावर दह्याचे पाच डबे मांडले होते. फाटकाबाहेर भुतं, चेटकिणी आणि एक उभा केळ्याचा पोशाख, आपापल्या आईबापांसोबत अंतर राखून उभे. नोरीन रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून, छत्री घेऊन. प्रकाशने गळ्यात शिट्टी अडकवली होती.

"नियम सगळ्यांना माहीत आहेत," तो म्हणाला. "टेस्ट सुरू झाल्यावर उपकरणाला हात नाही."

विभावरीने रायफल उचलली. माशीवर त्या सकाळचं कुंकू. तिने बारकाईने पाहिलं. तूर. थोडी पोटाशी फुगलेली, पण तूरच. डब्याच्या मध्यापासून तीन बोटं वर नेम धरला, श्वास अर्धा सोडला, चिमटा दाबला.

टप्. पहिला डबा गडगडत खाली.

फाटकाबाहेर कल्ला झाला. केळं नाचायला लागलं. आणि त्या कल्ल्याने घराचं दार उघडलं. आई. हातात ताम्हन, ताम्हनात निरांजन, डोक्यावर पदर, नऊवारीवर प्रकाशचं जाड जॅकेट.

"पाडलं व्हय? वाघीण माझी!" त्या तडक विभावरीपर्यंत आल्या. "थांब, थांब. एवढ्या लोकांची नदर लागंल." आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी रायफल ओवाळली, बोट भरून हळद थापली, कुंकू थापलं, आणि वर चिमूटभर ओल्या अक्षता दाबून बसवल्या.

विभावरीने माशीकडे पाहिलं. तिथे तूर नव्हती, हरभरा नव्हता. तिथे रात्रभर भिजवलेला काबुली चणा बसला होता.

"आई! टेस्ट चालू आहे!" प्रकाश ओरडत पुढे आला, आणि मध्येच थांबला. त्याची नजर माशीवर गेली. माशीवरून आईच्या बोटावर गेली. बोटावरून परत माशीवर आली. वीस वर्षं बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एकेक काटा जागच्या जागी बसताना विभावरीने पाहिला.

"रोज?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"रोज."

"म्हणजे रूट कॉज..."

"गप्प बस," विभावरी कुजबुजली. "कळता कामा नये त्यांना. हवालदारांसाठी लावतात."

प्रकाश गप्प बसला. आई ताम्हन घेऊन दारात उभ्या होत्या, जॅकेटमध्ये निम्म्या बुडालेल्या, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. प्रकाशने शिट्टी गळ्यातून काढली, परत घातली.

"पूस ते," तो पुटपुटला. "मी वळतो पलीकडे. हे डेव्हिएशन मी अप्रूव्ह करतो."

देऊ केलेली सवलत मोठी होती. त्याच्या स्वभावाच्या मानाने तर राज्यच दिलं होतं त्याने. विभावरीने कमरेला खोचलेल्या फडक्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम, साहेब. पाठीमागे व्हा."

तिने रायफल खांद्याला लावली. काबुली चणा कोष्टकात नव्हता. मसूर दोन, तूर तीन, हरभरा पाच. पुढे अंदाज. सात? नाही, अक्षताही आहेत. आठ. डब्याच्या वर आठ बोटं म्हणजे नेमकं काचेवरचं वटवाघूळ, त्याच्या पोटावर.

तिने नळी उचलली. फाटकाबाहेर सगळं चिडीचूप झालं आणि मग केळं न राहवून ओरडलं, "मिसेस! डबा खाली आहे! तुम्ही वटवाघूळ मारताय!"

"शी नोज व्हॉट शीज डुइंग," केतकी म्हणाली. मग मराठीत, फारसं कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "बहुतेक."

कुंकवाचं टोक वटवाघळाच्या पोटावर आलं. विभावरीने श्वास अर्धा सोडला.

टप्.

दुसरा डबा पडला आणि पाइपातून चॉकलेटं घरंगळली. कुणी ओरडायच्या आत तिने रबर चढवला. दुसरं वटवाघूळ, पोट. टप्. तिसरा. पुढचं वटवाघूळ केतकीने तिरकं लावलं होतं. विभावरीने त्याच्या पंखाशेजारची मोकळी काच धरली. टप्. चौथा. आता उरलेल्या डब्याच्या वर वटवाघूळच नव्हतं. कागद संपला होता म्हणे. तिथे काचेत नुसतं प्रतिबिंब होतं. फाटक, पाऊस, नोरीनची छत्री, आणि त्यांच्या पुढे डोळ्याला बंदूक लावून उभी असलेली एक बाई, केसांत भुसा.

विभावरीने त्या बाईच्या कोपरावर नेम धरला.

टप्.

मग जो गोंधळ झाला तो डग्लसमध्ये हर्लिंग या इथल्या लाडक्या खेळाची फायनल जिंकल्यावर होत असेल. नोरीन छत्री उलटी करून नाचवत होती. चेटकिणींनी किंकाळ्या फोडल्या. केतकी "मम! मम!" एवढंच म्हणत होती आणि तिचा सगळा आयरिश तोरा उतरला होता. आईंनी दारातूनच कडाकडा बोटं मोडली. प्रकाशने शिट्टी फुंकली, ती फुंकायची कशासाठी हे त्याला माहीत नव्हतं, पण तो फुंकतच राहिला. आणि मग पावसात सगळ्यांसमोर त्याने टाचा जुळवून बायकोला कडक सलाम ठोकला.

"हवालदाराचा पोरगा शोभतोस," आई म्हणाल्या.

त्यानंतर विभावरीने अंधार पडेपर्यंत डबे पाडले. पोरं परत परत रांगेला येत होती. केळ्याच्या आईने विचारलं, अशी एक बनवून द्याल का? मग चेटकिणीच्या बाबांनी विचारलं. नोरीनने भाच्यांसाठी दोन सांगितल्या आणि चहाच्या कपाची भरपाई म्हणून रांगेत पहिला नंबर मागितला.

सोमवारी सकाळी प्रकाशची जर्मनीशी मीटिंग होती. जेवणाच्या टेबलावर आईंचं साताऱ्याशी व्हिडिओ कॉलवर भजन लागलं होतं. हॉलमध्ये केतकी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची बासरी, वाजवत होती. तो लॅपटॉप छातीशी धरून, डोक्यावर टॉवेल घेऊन, ओल्या गवतातून शेडपर्यंत गेला. आतून कानशीचा आवाज येत होता.

या घराचं कर्ज त्याच्या नावावर होतं, आणि शेडचं बिलही त्यानेच भरलं होतं. त्याने दारावर हळूच टकटक केली.

कानस थांबली. "कोण?"

"मी. प्रकाश." त्याने घसा साफ केला. "अर्धा तास मिळेल का आत? एका कोपऱ्यात बसतो. बोलणारसुद्धा नाही, म्यूटवर राहतो."

आत विभावरीने हातातल्या नव्या पट्टीकडे पाहिलं. खाच घासायची अजून थोडी राहिली होती. तिने ती नीट पुरी केली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितली, फुंकर घालून चुरा उडवला. बाहेर पाऊस जरा वाढला होता.

मग तिने उठून कडी काढली.

"पाय पुसून ये," ती म्हणाली.